असत्य हाच राजद्रोह : प्राचीन पर्शियातील राज्य आणि धर्म

प्रस्तावना

इ.स.पू. ५२२ च्या सप्टेंबरअखेर दरायसाने सहा सोबत्यांच्या मदतीने गौमात नावाच्या मगी पुरोहिताला ठार केले आणि पर्शियाचे राज्य हाती घेतले. त्याबरोबर साम्राज्यभर बंडे उसळली. ती मोडताना आपण एका वर्षात एकोणीस लढाया जिंकल्या आणि नऊ राजे पकडले, असे दरायस सांगतो. ही हकीकत त्याने इराणातील कर्मानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर, वाटेपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, प्राचीन पर्शियन, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत कोरवून घेतली. बंडखोरांची नावे वेगळी, प्रांत वेगळे. पण त्यांच्यावरचा आरोप एकच आहे. बाबिलोनमध्ये एक जण म्हणाला, मी नबोनिडसचा मुलगा नेबुखद्नेझर. तो खोटे बोलला. मीडियात दुसरा म्हणाला, मी उवक्षत्राच्या घराण्यातला. तोही खोटे बोलला. नऊच्या नऊ जणांच्या बाबतीत हाच ठपका पुन्हा पुन्हा येतो.

राजाविरुद्ध शस्त्र उचलणे हा गुन्हा सगळ्याच राज्यांत मानला गेला. पर्शियन राजाने मात्र त्या गुन्ह्याचे मूळ असत्यात शोधले. तो या असत्याला ‘द्रौग’ म्हणतो. त्याच्या विरुद्ध बाजूला आहे ‘अर्त’, म्हणजे सृष्टीची, समाजाची आणि माणसाच्या वाणीची सरळ, नीट व्यवस्था. ही कल्पना वेदांतल्या ऋताची सख्खी बहीण आहे. अहुरमज्दा या सर्वश्रेष्ठ देवाने राजाला राज्य दिले ते ही व्यवस्था सांभाळण्यासाठी. तेव्हा राजाशी बेइमानी ही त्या व्यवस्थेशीच बेइमानी ठरते. पर्शियात राज्य आणि धर्म यांची गाठ इथे पडलेली आहे.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : प्राचीन पर्शियन राज्याचे औदार्य आणि त्याचे क्रौर्य ही एकाच कल्पनेची दोन फळे आहेत. असत्य कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती गेला, त्याच्यासारखे ते राज्य झाले. दरायसाच्या हखामनी घराण्याच्या काळात हा अधिकार राजाने स्वतःकडे ठेवला. सासानी काळात पुरोहिताने त्यात वाटा मागितला आणि मिळवला. या दोन टोकांमधले अंतर जवळजवळ बारा शतकांचे आहे.

कालपट आणि साधने

सायरसाने इ.स.पू. ५५० मध्ये मीड लोकांचे राज्य घेतले आणि ५३९ मध्ये बाबिलोन जिंकले. त्याचा मुलगा कंबायसिस याने ५२५ मध्ये इजिप्त घेतला. दरायसाने हा पसारा सिंधूपासून इजियन समुद्रापर्यंत बांधून काढला. इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने पर्सेपोलिस जाळले आणि हखामनी सत्ता संपली. मधल्या काळात ग्रीक सेल्युसिड आणि नंतर पार्थियन राजे आले. इ.स. २२४ मध्ये अर्दशीराने शेवटच्या पार्थियन सम्राटाला, अर्तबानाला, हरवले आणि सासानी घराणे उभे राहिले. इ.स. ६५१ मध्ये मर्वजवळ तिसरा यझ्दगर्द मारला गेला तेव्हा तेही संपले.

या काळाकडे आपण फार दिवस ग्रीकांच्या डोळ्यांनी पाहत आलो. हिरोडोटस हा कुतूहल असलेला, मोकळ्या मनाचा लेखक. पर्शियन लोक देवांच्या मूर्ती आणि देवळे बांधत नाहीत, डोंगरमाथ्यावर जाऊन यज्ञ करतात, सूर्य, चंद्र, पृथ्वी, अग्नी, जल आणि वारा यांना पूजतात, नदी घाण करत नाहीत, हे सारे त्याने टिपून ठेवले. मुलांना पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत घोड्यावर बसणे, धनुष्य चालवणे आणि खरे बोलणे एवढ्या तीनच गोष्टी शिकवतात, हेही त्यानेच सांगितले. पण तो शत्रूपक्षातल्या वाचकांसाठी लिहीत होता, आणि पर्शियाची राजदप्तरे त्याने पाहिलेली नव्हती.

ती दप्तरे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत उघडली. बेहिस्तूनचा लेख हेन्री रॉलिन्सन याने कड्यावर चढून उतरवला. हा इंग्रज अधिकारी १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला, हिंदुस्थानात फारसी शिकला आणि १८३३ मध्ये शहाच्या फौजेला कवायत शिकवण्यासाठी इराणात पाठवला गेला. १८७९ मध्ये बाबिलोनच्या अवशेषांत सायरसाचा मातीचा लेखस्तंभ सापडला. १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मृत्पट्टिका मिळाल्या. त्या इ.स.पू. ५०९ ते ४९३ या वर्षांतल्या आहेत. रिचर्ड हॅलॉक याने १९६९ मध्ये त्यांपैकी २,०८७ पट्टिकांचे वाचन छापले आणि पर्शियन राज्याचा अभ्यास पुष्कळसा बदलून गेला. शिलालेखांत राजा जे म्हणतो, त्याची पडताळणी आता कोठाराच्या हिशेबावरून करता येते.

राज्य कसे चालत असे

दरायसाने साम्राज्याचे सुभे केले. हिरोडोटस त्यांची संख्या वीस सांगतो आणि प्रत्येक सुभ्याचा वसूलही देतो. हिंद सुभ्याकडून वर्षाला ३६० टॅलेंट सोन्याची भुकटी येत असे. पर्शियाच्या मूळ प्रांताला मात्र कर माफ होता. सुभेदाराला क्षत्रप म्हणत. पुढे शतकानुशतके ही पदवी पूर्वेकडे टिकून राहिली. आपल्या नाशिकच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांची नावे कोरलेली आहेत, तीही याच पदवीच्या वाटचालीतली.

सुभेदारावर नजर ठेवायला राजाची स्वतःची माणसे फिरत. सार्डिसपासून सुसापर्यंतच्या राजमार्गावर १११ ठाणी होती. सुमारे अडीच हजार किलोमीटरची ही वाट पायी नव्वद दिवसांची. घोडे बदलत जाणारे राजाचे जासूद ती कितीतरी लवकर काटत. या वाटेवरून सरकारी कामाने जाणाऱ्याजवळ मोहोरबंद परवाना असे. तो दाखवला की ठाण्यावर त्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरांना ठरलेला शिधा मिळे. पर्सेपोलिसच्या पट्टिका म्हणजे या शिध्याची रोजकीर्द. कोणाला किती धान्य, किती मद्य, कोणाच्या हुकमाने, कोणत्या महिन्यात, हे सारे त्यांत आहे. स्त्रियांच्या कामगार पथकांवर स्त्रियाच मुकादम होत्या आणि त्यांना भरघोस शिधा होता. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. पण मुलगा झाला तर मुलगी झाल्यापेक्षा दुप्पट. राज्याचा विचार जितका बारकाईचा, तितकेच त्याचे पक्षपातही इथे नोंदलेले आहेत.

याच वह्यांत धर्मही भेटतो. पूजेसाठी लागणारे धान्य आणि मद्य सरकारी कोठारातून सुटत असे, आणि ते कोणत्या देवाला गेले याचीही नोंद होई. अहुरमज्दाचे नाव तिथे आहे, पण एलामचा प्राचीन देव हुंबान याच्या नावे निघालेला शिधा त्याहून जास्त आहे. मेसोपोटेमियाचा पर्जन्यदेव अदाद आहे. डोंगर आणि नद्याही आहेत. एकाच पुरोहिताच्या हाती कधी कधी अनेक देवतांचा शिधा दिलेला दिसतो. शिलालेखात अहुरमज्दाचा जयजयकार करणाऱ्या राजाचे कोठार शेजारच्या सगळ्या देवांना सांभाळत होते. अधिकाऱ्यांना त्यात विसंगती वाटली असेल असे एकही चिन्ह पट्टिकांत नाही. ज्या देवाची पूजा नीट चालते, त्याचे लोक शांत राहतात, आणि लोक शांत असणे हाच अर्ताचा पुरावा, असा हा व्यवहार होता.

राजाचा धर्म

हखामनी राजे झरथुष्ट्राचे अनुयायी होते का, हा वाद जुना आहे. दरायस अहुरमज्दाला सर्वांत थोर देव मानतो. पृथ्वी, आकाश, माणूस आणि माणसाचे सुख त्यानेच निर्माण केले, असे त्याच्या लेखांत येते. सत्य आणि असत्य यांचा झगडा हा त्याच्या भाषेचा कणाच आहे. झरथुष्ट्राच्या गाथांशी या सगळ्याचे नाते उघड दिसते. तरी हखामनी लेखांत झरथुष्ट्राचे नाव एकदाही येत नाही. दुसरा अर्तझर्क्सीस अहुरमज्दाबरोबर मिथ्र आणि अनाहिता यांनाही आवाहन करतो. राजांचे देह पासारगादी आणि नक्श-ए-रुस्तम इथल्या दगडी थडग्यांत ठेवले गेले, तर मगी लोक प्रेत पक्ष्यांपुढे किंवा कुत्र्यांपुढे ठेवत, असे हिरोडोटस सांगतो. नंतरच्या झरथुष्ट्री आचारसंहितेची मोजपट्टी या राजांना लावू नये, असे माझे मत आहे. ते मज्दाचे उपासक होते, आणि त्यांचा धर्म अजून घडत होता.

नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावरचे दरायसाचे थडगे या धर्माचे राजकीय रूप सर्वांत स्पष्ट दाखवते. साम्राज्यातल्या निरनिराळ्या लोकांचे तीस प्रतिनिधी एक मंच हातांवर तोलून धरतात. मंचावर राजा हातात धनुष्य घेऊन अग्नीसमोर उभा आहे, आणि वर पंख असलेली दिव्य आकृती आहे. शेजारच्या लेखात राजा आपले गुण सांगतो. बलवानाने दुबळ्यावर अन्याय करू नये आणि दुबळ्यानेही बलवानावर करू नये, हीच आपली इच्छा आहे. आपण रागावर ताबा ठेवतो. एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीवर पूर्ण चौकशीशिवाय विश्वास ठेवत नाही, असा त्याचा आशय. राजाने न्यायीपणाचा दावा करावा यात नवल नाही. इथे त्याने आपल्या स्वभावाची, आपल्या मनाच्या तोलाची ग्वाही दिली आहे, कारण ज्याचे मन ताब्यात नाही त्याला सत्य दिसत नाही, अशी या धर्माची धारणा होती.

या धर्मात पुरोहित कुठे बसतो? मगी यज्ञात हजर असावाच लागे. पण दरायसाने गादी मिळवली तीच एका मगीला मारून, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी सण पाळला जाई, त्या दिवशी मगी घराबाहेर पडत नसत, असे हिरोडोटस नोंदवतो. त्याच दरायसाच्या कोठारातून मगींना नियमाने शिधाही मिळत राहिला. पुरोहित हवा, पण तो राजाच्या ओंजळीने पाणी पिणारा हवा, अशी ही व्यवस्था होती.

औदार्याची कक्षा

सायरसाच्या लेखस्तंभाला अलीकडे मानवी हक्कांची पहिली सनद म्हणण्याची प्रथा पडली आहे. ते म्हणणे मला पटत नाही, आणि त्याने सायरसाचे मोठेपण वाढतही नाही. तो लेख बाबिलोनी परंपरेत, बाबिलोनी पुरोहितांच्या शब्दांत लिहिलेला आहे. मार्दुक देवानेच सायरसाला निवडले, नबोनिडसाने बिघडवलेली पूजा त्याने पूर्ववत केली, मूळ जागेवरून हलवलेल्या देवमूर्ती आपापल्या ठिकाणी परत पाठवल्या, असे त्यात आहे. मोडलेली व्यवस्था पुन्हा बसवणे हा त्याचा गाभा. यहुदी परंपरेनेही सायरसाला असेच गौरवले. जेरुसलेमचे मंदिर दरायसाच्या कारकिर्दीत पुन्हा उभे राहिले. इजिप्तमध्ये उजाहोररेस्नेत नावाच्या अधिकाऱ्याने कंबायसिसकडे विनंती करून साइस इथल्या नेइथ देवीच्या मंदिरातून तिथे राहू लागलेले परके लोक हलवून घेतले. त्याच्या पुतळ्यावर तसा मजकूर आहे. ग्रीक परंपरेने ज्याला अपिस बैलाचा मारेकरी ठरवले तोच हा कंबायसिस, आणि त्याच्याच नावाने झालेल्या अपिसच्या विधिवत दफनाचे अवशेष इजिप्तमध्ये मिळाले आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण नाइल नदीतल्या एलिफंटिनी बेटाचे. तिथे पर्शियाच्या चाकरीत यहुदी शिबंदी होती आणि त्यांचे स्वतःचे मंदिर होते. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नुम देवाच्या पुरोहितांनी स्थानिक अधिकारी विद्रंग याला हाताशी धरून ते पाडले. तेव्हा या यहुद्यांनी ४०७ मध्ये यहुदाचा सुभेदार बगोही याच्याकडे अर्ज केला. अर्जाचा मसुदा पपायरसवर आजही शाबूत आहे. मंदिर पुन्हा बांधायला आणि अन्नाचा व धूपाचा नैवेद्य दाखवायला परवानगी द्यावी, असे उत्तर आले. पशुबळीचा उल्लेख त्यात नाही. दोन्ही शेजाऱ्यांच्या भावना सांभाळणारा हा निकाल साम्राज्याची रीत सांगतो. छोट्या समाजाला आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे हे ठाऊक होते, आणि त्याला उत्तर मिळत होते.

पण या औदार्याला कुंपण होते ते निष्ठेचे. मीडियाचा बंडखोर फ्रवर्तीश याचे नाक, कान आणि जीभ कापून, एक डोळा काढून त्याला राजद्वारी बांधून ठेवले आणि मग एकबताना इथे सुळावर दिले, हे दरायस स्वतःच लेखात सांगतो. दरायसाचा मुलगा झर्क्सीस याच्या एका लेखात, पूर्वी जिथे ‘दैव’ म्हणजे खोट्या ठरवलेल्या देवांची पूजा होत असे ते स्थान आपण उद्ध्वस्त केले आणि तिथे अहुरमज्दाची अर्तानुसार पूजा केली, असे विधान आहे. इ.स.पू. ४८० मध्ये त्याच्या सैन्याने अथेन्सच्या अक्रोपोलिसवरची मंदिरे जाळली. देवावरचा राग हे त्याचे मूळ नव्हते. बंड करणाऱ्यांचा देवही राजाच्या लेखी असत्याच्या बाजूला गेलेला असे.

आणि इथेच या व्यवस्थेचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. सायरसाचा धाकटा मुलगा बर्दिया याला कंबायसिसाने आधीच मारले होते आणि गादीवर बसलेला माणूस त्याचे सोंग घेतलेला गौमात होता, ही कहाणी दरायसाची आहे. अनेक आधुनिक इतिहासकारांना ती पटत नाही. मारला गेलेला माणूस खराच बर्दिया असावा आणि तोतयाची गोष्ट नंतर रचलेली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तो बरोबर असेल तर सत्याचा एवढा मोठा शिलालेख एका असत्यावर उभा आहे. निर्णय वाचकाने करावा. त्यासाठीचा पुरावा या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. पण सत्याचा न्यायाधीश आणि खटल्यातला पक्षकार एकच माणूस असेल, तर काय होते याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

पुरोहिताचा उदय

सासानी घराण्याचे मूळच देवळात होते. अर्दशीराचे पूर्वज इस्तख्र इथल्या अनाहितेच्या अग्निमंदिराशी जोडलेले होते. नक्श-ए-रुस्तम इथे, दरायसाच्या थडग्याजवळच, त्याने आपले शिल्प कोरवले. राजा आणि देव दोघेही घोड्यावर समोरासमोर आहेत. देव राजाला सत्तेचे कडे देतो आहे. राजाच्या घोड्याखाली अर्तबान पडला आहे आणि देवाच्या घोड्याखाली अहरिमन. राजाचा शत्रू आणि देवाचा शत्रू आता एका पातळीवर आले. नाण्यांच्या एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. राज्य आणि धर्म ही एकाच उदरातली जुळी भावंडे आहेत, हा विचार अर्दशीराच्या तन्सर नावाच्या पुरोहिताच्या नावावर चालत आलेल्या पत्रात येतो. मांडलिकांचे अग्नी विझवून टाकल्याच्या आरोपाला उत्तर देण्याची वेळही त्या पत्रात आली आहे. अग्नी कुठे पेटावा हेही आता राजधानी ठरवू लागली होती.

तिसऱ्या शतकात किर्दीर नावाचा पुरोहित अनेक राजांच्या कारकिर्दीत चढत गेला आणि राजांसारखे स्वतःचे शिलालेख कोरवण्याइतका मोठा झाला. यहुदी, बौद्ध श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती आणि मानीचे अनुयायी यांना आपण राज्यात दडपले, असे तो अभिमानाने सांगतो. पैगंबर मानी याच काळात कैदेत मेला. हखामनी कोठाराने हुंबानला आणि अदादला शिधा दिला, त्याच भूमीवरचा हा मजकूर आहे. असत्याची व्याख्या आता वागणुकीकडून श्रद्धेकडे सरकली होती. राजद्रोह पूर्वी असत्य ठरत होता. आता वेगळी श्रद्धा हाच राजद्रोहाचा पुरावा ठरू लागला. रोमचे सम्राट ख्रिस्ती झाल्यावर दुसऱ्या शापूराच्या राज्यात ख्रिस्ती प्रजेवर जो जुलूम झाला, त्यामागे हाच संशय होता.

तरीही सासानी काळ एकरंगी नव्हता. पहिल्या यझ्दगर्दाच्या काळात, इ.स. ४१० मध्ये, राजधानीत ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती संघाला राजमान्यता मिळाली. झरथुष्ट्री परंपरेने या राजाला ‘पापी’ ठरवले. पुरोहिताचे मत आणि राजाचे हित वेगळे पडू शकत होते, आणि राजा तेव्हा आपला मार्ग काढत होता. पाचव्या शतकाच्या अखेरीला राजा कवाध याने मझ्दकाच्या समतेच्या शिकवणीला आधी आधार दिला. मग ती चळवळ चिरडली गेली. खुस्रो अनुशिर्वानाने जमिनीची मोजणी करून कर ठरवला आणि न्यायी राजा म्हणून नाव कमावले. धर्मादाय, वारसा आणि लग्न यांचे बारीक कायदे या काळात लिहिले गेले. या सगळ्याला दाद दिल्याशिवाय सासानी राज्याचे चित्र पुरे होत नाही.

राज्य गेल्यावर

सातव्या शतकात अरब सैन्यापुढे हे राज्य कोसळले. ज्या धर्माची मुळे राज्यकारभारात इतकी खोल गेली होती, तो धर्म राज्याबरोबर बुडायला हवा होता. पुष्कळ ठिकाणी तसे झालेही. पण इराणातल्या यझ्द आणि कर्मानच्या खेड्यांत तो तगला, आणि काही लोक समुद्रमार्गे गुजरातच्या संजाणला उतरले. कान्हेरीच्या लेण्यांत १००९ आणि १०२१ या वर्षांत येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांची नावे पहलवी लिपीत कोरलेली आहेत. पुढे संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पवित्र इराणशाह अग्नी डहाणूजवळच्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे सांभाळला, असे परंपरा सांगते. आज तो उदवाड्यात आहे. पारशांचे शहनशाही वर्ष अजूनही यझ्दगर्दाच्या राज्यारोहणापासून, इ.स. ६३२ पासून, मोजले जाते.

त्यांच्याकडे राजा नव्हता, सुभा नव्हता, असत्याला शिक्षा देणारी तलवार नव्हती. सत्य राखण्याचे ओझे प्रत्येकाच्या स्वतःच्या विचारावर, वाणीवर आणि कृतीवर आले. ती शिकवण गाथांत पहिल्यापासून होती. साम्राज्याच्या गजरात ती मागे पडली होती. राज्याशिवाय हा धर्म हजारांहून अधिक वर्षे टिकला, ही या विषयातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. धर्माला राज्याची गरज असते, असे सासानी पुरोहितांनी ठामपणे सांगितले होते. त्यांच्याच वारसांनी ते खोटे ठरवले.

पुढची प्रकरणे कालक्रमाने मांडली आहेत : पहिली चार हखामनी राज्यव्यवस्थेवर आणि राजधर्मावर, पाचवे संक्रमणाच्या काळावर, उरलेली तीन सासानींवर. प्रत्येक प्रकरण वाचताना एक प्रश्न सोबत ठेवावा, अशी विनंती आहे : इथे असत्य कोण ठरवतो आहे, आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय कोणाला आहे? एलिफंटिनीच्या शिबंदीला अर्ज लिहिता आला आणि त्याचे उत्तरही आले. किर्दीराने ज्यांची यादी कोरली, त्यांना ते जमले नाही. राजा किती धार्मिक होता यापेक्षा हा फरक मला राज्याची परीक्षा करायला अधिक खात्रीचा वाटतो, आणि सगळे पुस्तक त्याच कसोटीवर लिहिले आहे.